तुमचं स्वतःचं काहीतरी

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार केला असं समज. आज हात जोडायलाही उठून बसावं लागेल, इतका आडवा झालोय.

परवा फोनवर "सगळं छान चाललंय" म्हणालो ती थाप होती, आणि ती तू ओळखलीस, नाहीतर "मग पत्रच लिही" असं म्हणाली नसतीस. तुझं बरोबर आहे. बोलताना मी सहज लोणकढी ठोकतो, पण लिहायला बसलं की खोटं बोलायचा कंटाळा येतो.

तर खरं ऐक. आमची लिफ्ट-दुरुस्तीची कंपनी बंद पडली त्याला वर्ष उलटून गेलं. उभी हयात दुसऱ्यांना वरखाली करण्यात गेली आणि आता मीच तळमजल्यावर अडकलोय. (हा विनोद मी मुलाखतीतही केला. कोणी हसलं नाही. तू तरी हस.) परवाच्या मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, पुस्तकातली उत्तरं तोंडपाठ. "मी आव्हानं स्वीकारणारा माणूस आहे," असं छाती काढून म्हणालो. समोरच्याने विचारलं, "म्हणजे कोणतं आव्हान स्वीकारलंत?" झालं! तोंडाला कुलूप. मग त्याने विचारलं, "या मधल्या वर्षात काय केलंत?" मी म्हणालो, "घरगुती कारण होतं." वास्तविक घरगुती कारण एवढंच की मी घरी होतो.

सगळ्यात वाईट काय आहे माहितीये? बोलताना माझा आवाज मला ओळखू येत नाही. कोणीतरी दुसराच माणूस माझ्या शर्टात बसून बोलतोय असं वाटतं, आणि तो माणूस मला अजिबात आवडत नाही. घरमालकीणबाई आता जिन्यात भेटल्या तरी "अजून काही नाही का?" विचारत नाहीत. नुसतं बघतात. विचारायच्या तेव्हा बरं होतं.

कालच एका ऑफिसचं मुलाखतीचं बोलावणं आलंय. तिथे अर्ज केल्याचं मला आठवत नाही. पण इतके अर्ज खरडलेत की एखादा विसरलोही असेन. जाऊन येतो.

तुझ्या पायाचं काय? प्लास्टर निघालं का?

तुझा
ठोंब्या


९ फेब्रुवारी

ठोंब्या,

हसले रे. तळमजल्याच्या विनोदावर हसले, आणि पुढचं वाचून लगेच कागद घेऊन बसले.

प्लास्टर कसलं निघतंय! हाड पुन्हा बघायचं म्हणून डॉक्टरांनी मुक्काम वाढवलाय. नाटक चालू असताना विंगेतल्या स्टुलावरून पडणारी जगातली पहिली प्रॉम्प्टर मीच असणार. रंगमंचावर मरायचं काम दुसऱ्याचं होतं आणि ओरडले मी. आता आमच्या म्हाताऱ्या नायकांना वाक्यं कोण पुरवतंय कोण जाणे.

आता माझं ऐक. वीस-बावीस वर्षं अंधारात बसून लोकांना विसरलेली वाक्यं कुजबुजत आलेय, तेव्हा एवढं मला कळतं. ज्याने नुसतं पाठ केलेलं असतं, तो एक शब्द हुकला की गार पडतो. ज्याला आतून माहीत असतं, तो अडखळला तरी उभा राहतो. तू पाठ करून जातोस म्हणून तुझी बोबडी वळते. ती पुस्तकं आधी रद्दीत घाल. "वर्षभर काम नव्हतं, शोधत होतो, अजून शोधतोय," असं सरळ सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि त्यांनी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की एखादी खरीखुरी, फक्त तुझीच गोष्ट सांग.

घड्याळाची सांग ना! बाबांचं भिंतीवरचं घड्याळ तू खोललंस, परत जोडता येईना, म्हणून काटे तसेच लावून कपाटामागे बसलास आणि बाबा घरात असेपर्यंत तोंडाने "टिक टिक, टिक टिक" करत राहिलास. मी दारात उभी राहून तुला टोले देता यावेत म्हणून बोटांनी किती वाजले ते दाखवत होते. माझं पहिलं प्रॉम्प्टिंग तेच. आणि बाबांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं, तरी ते मुद्दाम विचारत बसले, "काय गं, घड्याळ आज जरा दमल्यासारखं नाही वाटत?" शेवटी तू आतून "नाही" म्हणालास. ठोंब्या हे नाव त्याच दिवशी पडलं तुला.

हे सांग आणि बघ तुझा आवाज परत येतो की नाही. आई गेल्यापासून तू मोकळं असं बोललेलाच नाहीस.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तू जादूगार आहेस! पुढच्या फेरीला बोलावलंय!

सगळं सविस्तर सांगतो. इमारत जुनी नाही, नवीही नाही. बाहेर पाटी नाही. माझा जीव लिफ्टमध्ये, तर सांगायलाच हवं: अशी लिफ्ट मी जन्मात पाहिली नाही. सुटताना धक्का नाही, थांबताना धक्का नाही, मोटरचा आवाज नाही. तारेचा दोर ताणला जातो तेव्हा एक बारीक सूर लागतो, तोही नाही. मी कान लावून उभा होतो. शेवटी दार उघडलं तेव्हाच कळलं की आपण हललोय. आत देखभालीचं कार्डही नव्हतं. अशी लिफ्ट कोण सांभाळतं, हे विचारायचं राहून गेलं.

खोलीत लांब टेबल. पलीकडे तिघे. मध्ये एक बाई, तिच्या डावीउजवीकडे एकेक गृहस्थ. टेबलावर कागद नाही, पेन नाही, माझा अर्जसुद्धा नाही. मला बसायला सांगितलं ती खुर्ची ऊबदार होती, जणू आत्ताच कोणी उठून गेलंय. पण माझ्या आधी बाहेर येताना कोणी दिसलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं काहीतरी सांगा." एवढंच. सवयीने मी आव्हानांची टेप लावली. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचं नाही." रागावून नाही हं, पाहुण्याने चुकून दुसऱ्याची चप्पल घातली तर सांगतात तसं. मग मला तुझं पत्र आठवलं आणि मी बोलायला लागलो. तिघेही पुढे झुकले. ताई, इतकं मन लावून माझं कोणी कधी ऐकलेलं नाही. बोलत गेलो तसतसा हलका होत गेलो. आवाज माझा होता! खणखणीत, माझाच!

मी नेमकं काय सांगितलं ते आता काही केल्या आठवत नाही, पण रंगलं होतं खास. काम काय आहे हेही विचारायचं विसरलो. माणसांशी बोलायचं काहीतरी आहे.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तो घड्याळाचा किस्सा भन्नाट आहे. पोट धरून हसलो. कुठल्या नाटकातला गं?

तुझा
ठोंब्या


२६ फेब्रुवारी

ठोंब्या,

शाबास! बघ, सांगत नव्हते? आज प्लास्टरसकट नाचायचं तेवढं बाकी ठेवलंय.

आणि आगाऊपणा पुरे. "कुठल्या नाटकातला गं?" म्हणे! नोकरी लागायच्या आधीच साहेबांना लहानपण विसरायला झालं वाटतं. कपाटामागची धूळ नाकात जाऊन तू मध्येच शिंकलास आणि बाबा म्हणाले, "घड्याळाला सर्दी झाली," हेही नाटकातलंच का? बरं वाटलं की तुला चेष्टा सुचतेय. फार दिवसांनी सुचली.

पुढच्या फेरीत कामाची गोष्ट सांग. तुला काम शिकवणाऱ्या तुझ्या मिस्त्रींची. पहिल्या दिवशी त्यांनी तुला हत्याराला हात लावू दिला नाही. लिफ्टच्या शाफ्टच्या तळाशी अंधारात बसवलं आणि म्हणाले, "डोळे मीट. वर काय बिघडलंय ते ऐकून सांग, मगच जेवायला ये." तू उपाशी बसून राहिलास आणि शेवटी म्हणालास, "वरचं एक चाक रडतंय." मिस्त्रींनी स्वतःचा डबा तुझ्यापुढे सरकवला. तू त्या दिवशी घरी आलास तो तरंगतच. आई म्हणाली, "याला आता कुठलीच लिफ्ट नको."

काम काय आहे ते मात्र विचार हं. पगाराइतकंच तेही महत्त्वाचं असतं.

ताई


१० मार्च

ताई,

दुसरी फेरीही पार पडली. तू सुचवलंस ते सांगितलं असणार, कारण निघताना तुझं पत्र खिशात होतं. बाई म्हणाल्या, "हे फार चांगलं होतं." 'होतं' म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

माझ्यात खरंच फरक पडलाय. आता मी ताठ चालतो. केस नीट कापून घेतलेत. परवा घरमालकीणबाईंना जिन्यात म्हणालो, "वर्षभर काम नव्हतं, शोधत होतो, आता लागेल," आणि त्यांच्या डोळ्यांत बघून हसलो. त्या एकदम "हो का? बसा ना, चहा घ्या," म्हणाल्या. मला 'अहो' करताहेत! पूर्वी छातीत सारखा एक दगड असायचा, तो गेलाय. जागा रिकामी झाल्यासारखी वाटते, पण दगडापेक्षा रिकामं बरं.

यावेळी लिफ्टने वर गेलो. कितवा मजला ते बघितलं नाही.

एक गंमत सांगतो. टेबलाच्या डावीकडचे गृहस्थ विचार करायला लागले की तोंडाने टिक टिक करतात. अगदी हळू, जिभेने. मागच्या वेळी करत नव्हते. माझ्याकडे बघत बघत करत होते आणि मध्येच एकदा शिंकले. शिंकून इतके खूश झाले की बाकीचे दोघे त्यांच्याकडे जरा हेव्यानेच बघायला लागले. मोठ्या माणसांच्या काय काय सवयी असतात!

माझ्या खोलीत कॉटखाली एक जड पिशवी सापडली. पाने, पक्कड, तेलकट चिंध्या. घरमालकीणबाईंना विचारलं तर त्या नुसत्याच माझ्याकडे बघत राहिल्या. आधीच्या भाडेकरूची असणार. भंगारवाल्याला देऊन टाकली.

तू पत्राच्या वर 'ठोंब्या' लिहितेस ते मला उद्देशून का? ऐकायला मजेदार वाटतं.

तुझा भाऊ


१४ मार्च

ठोंब्या, ठोंब्या, ठोंब्या,

तिसरी फेरी असेल तर जाऊ नकोस.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मी तुझी सगळी पत्रं पलंगावर पसरून बसलेय. आधी मला वाटलं तू चेष्टा करतोयस. मग वाटलं, काळजीने विसरायला होतंय. विसरणाऱ्याला वाक्य पुरवायचं ही माझी सवय, म्हणून मी आणखी आठवणी लिहून पाठवल्या. केवढा मूर्खपणा केला मी! तुला पुरवतेय असं मला वाटत होतं आणि मी त्या टेबलाला पुरवत होते.

नीट वाच. ते घड्याळ नाटकातलं नाही. ते आपल्या भिंतीवर होतं. ती हत्यारांची पिशवी आधीच्या भाडेकरूची नाही. ती तुझी, मिस्त्रींनी तुला स्वतःच्या हाताने दिलेली. तू लिफ्ट-दुरुस्ती करायचास. फेब्रुवारीत मला त्या लिफ्टच्या न येणाऱ्या आवाजाबद्दल पान भरून लिहिलंस, आणि मार्चमध्ये "लिफ्टने वर गेलो" एवढंच. तू तिथे जे सांगतोस ते तुझ्याजवळ उरत नाही. तो माणूस तुझं टिक टिक करत बसलाय रे! ते आता त्याचं आहे.

मला वेडी म्हण. पायाचं दुखणं डोक्यात गेलंय म्हण. पण जाऊ नकोस. आणि हट्टाने गेलासच तर खोटं सांग. आपल्याला सहा भाऊ होते म्हण, बाबा जहाजावर कप्तान होते म्हण, काय वाटेल ते सांग. खरं एक अक्षरही नको. मीच तुला खरं सांग म्हणाले होते. मीच आता पाया पडते, खोटं बोल.

फोन लागत नाही तुझा. लगेच उत्तर दे.

ताई


२५ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं त्यानंतर तिसरी फेरी झाली. म्हणजे मी ते वाचून गेलो होतो. रागावण्याआधी पुढचं वाच.

मी खोटं सांगून बघितलं. सहा भाऊ, कप्तान बाबा, वादळ, सगळं रंगवून. ते तिघे ऐकूनच घेईनात. बाई म्हणाल्या, "हे तुमचं नाही," आणि माझ्यापुढे पाणी सरकवून थांबल्या. कोणी घाई केली नाही. कोणी "मग निघा" म्हणालं नाही. नुसते थांबले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं तरी थांबलेच होते. ते खोटं मला अजून शब्दन् शब्द आठवतंय, भावांचे कपडेसुद्धा. शेवटी मी दुसरं काहीतरी सांगितलं. काय ते विचारू नकोस, मला माहीत नाही. फक्त एवढं कळतंय की सांगताना मी रडलो असणार, कारण बाहेर आलो तेव्हा शर्टाची कॉलर ओली होती. आणि बाईंचे केस ओले होते. आत गेलो तेव्हा घट्ट अंबाडा होता. निघताना मोकळे, ओले, आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या, कोणीतरी मायेने डोकं धुवून दिल्यासारख्या.

ताई, मी ठोंब्या असेन पण इतकाही नाही. तुझी पत्रं माझ्यापुढे आहेत. त्यातला मुलगा मला ओळखीचा वाटत नाही, पण तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझं म्हणणं मला पटतं. दुसऱ्या फेरीनंतरच थोडं पटलं होतं.

पण तू कधी रिकामी बसली नाहीस, म्हणून तुला कळणार नाही. सकाळी उठायला कारण नसणं म्हणजे काय असतं? लोक "काय करता?" विचारतील म्हणून लग्नाकार्याला न जाणं? केस कापणाऱ्यालाही खोटं सांगणं? वर्षभर मी त्या सगळ्या आठवणी उराशी धरून या खोलीत पडून होतो, आणि त्यांनी मला एकदाही उठवून बसवलं नाही. त्या दिल्या आणि मी उभा राहिलो. महाग पडलं म्हणशील. पण मला ते परवडतंय असं वाटतं, कारण गेलेलं काय होतं ते मला माहीतच नाही.

शेवटची फेरी उरलीय. बाईंनी सांगूनच ठेवलंय: "यावेळी तुमच्या माणसाबद्दल सांगा." शोधून बघितलं. माझ्याकडे सांगण्यासारखं आता एकच माणूस आहे. पण ते फक्त माझं नाही, म्हणून विचारल्याशिवाय सांगावंसं वाटत नाही. सांगू का?

आईला हे पत्र वाचून दाखव. नोकरी जवळजवळ लागलीच म्हण. तिला काळजी असेल.

तुझा भाऊ


२९ मार्च

बाळा,

आई नाही. तीन वर्षांपूर्वी गेली. हे तुला मी दुसऱ्यांदा सांगतेय आणि पहिल्यापेक्षा जास्त त्रास होतोय. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिला केस धुवून हवे होते आणि नर्सना वेळ नव्हता. तू बादली आणलीस, कोमट पाणी आणलंस, तिचं डोकं तळहातावर धरून धुतलंस. मला जमलं नसतं. ती म्हणाली, "आता मी कुठेही जायला तयार आहे." तू त्या बाईला काय देऊन आलास ते कळलं का तुला?

कळणार नाही. मी लिहिलेलं तू वाचशील आणि दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल वाईट वाटावं तसं तुला वाटेल.

तू विचारलंस म्हणून सांगते: नाही. सांगायचं नाही. परवानगी नाही. मी तुझी मोठी बहीण आहे आणि आजवर कधी धाक दाखवला नाही, तो आज दाखवते. इथे ये. आमच्या नाटकाला पडदा ओढायला माणूस हवाय. दोर असतात, चाकं असतात, तुझे हात आपोआप शिकतील. कोणी तुझी मुलाखत घेणार नाही. मी "हा माझा भाऊ" म्हटलं की झालं.

तू म्हणतोस मला कळणार नाही. खरं असेल. तुझी ती वर्षभराची खोली मी पाहिली नाही, कितीतरी महिने फोनवरच्या "छान" वर विश्वास ठेवला, तेव्हाच यायला हवं होतं. आता येतेय. कुबड्या मिळाल्यात. शनिवारच्या गाडीने निघते. मी येईपर्यंत घरातून हलू नकोस. घरमालकीणबाईंकडे चहा पीत बस.

तुझी ताई


११ एप्रिल

माननीय महोदया,

आपण आमच्या कार्यालयात आला होतात, त्या वेळी माझी आपल्याशी नीट भेट होऊ शकली नाही याबद्दल दिलगीर आहे. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांनी आपल्याला बाहेर जाण्यास सांगितले, ते त्यांचे कर्तव्य होते. तरीही आपला पाय दुखावलेला असताना आपल्याला जिन्याने उतरावे लागले, हे कळल्यावर वाईट वाटले. आपण लिफ्टमध्ये पाय ठेवायला ठाम नकार दिलात असे समजते. आमची लिफ्ट अत्यंत सुरक्षित आहे.

आपण माझी बहीण असल्याचे वारंवार सांगत होतात. मी शांतपणे विचार केला. माझ्या सामानात आपल्या अक्षरातली काही पत्रे आहेत, तीही वाचली. पत्रे फार जिव्हाळ्याची आहेत. मात्र अशा कोणत्याही नात्याचा माझ्याकडे मागमूस नाही. कुणाच्या तरी नावाची पत्रे चुकून माझ्याकडे आली असावीत. परत हवी असल्यास कळवावे.

वैयक्तिक नोंद म्हणून एवढेच लिहितो की माझे उत्तम चालले आहे. मी आता टेबलाच्या या बाजूला, चौथ्या खुर्चीवर बसतो. रोज माणसे येतात, फार घाबरलेली असतात. मी त्यांना धीर देतो. मी बोलतो तेव्हा लोक ऐकतात. मला स्वतःचे असे सांगण्यासारखे अद्याप काही नाही, पण सहकारी म्हणतात की ते हळूहळू मिळते. डावीकडच्या सहकाऱ्यांकडे एक सुंदर घड्याळ आहे, आवाजाचे. उजवीकडचे सहकारी नुकतेच एक नवीन गोष्ट शिकले आहेत: समोरचा उमेदवार अडखळला की ते ओठांतल्या ओठांत त्याचा पुढचा शब्द कुजबुजतात. इतक्या मायेने की उमेदवार लगेच बोलता होतो. मला ते ऐकत बसावेसे वाटते. का ते सांगता येत नाही.

आपण स्वागतकक्षात जे बोललात ते आमच्या चौघांपर्यंत ऐकू येत होते. इतके मनापासून बोलणारे क्वचित येतात. मध्यभागी बसणाऱ्या बाईंनी आपली आवर्जून चौकशी केली. आपणास इच्छा असल्यास मुलाखतीला यावे. कोणतीही तयारी लागत नाही. आत्मविश्वास आपोआप येतो. फक्त आपले स्वतःचे काहीतरी सांगावे.

आपला नम्र,
मुलाखत विभाग


२ मे

साहेब,

तुमचं पत्र मिळालं. मी केलेल्या गोंधळाबद्दल माफ करा. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मुलाखतीला मी येणार नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, म्हणूनच येणार नाही. पत्रं परत पाठवा, ती माझी आहेत.

नात्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. मी तुमची बहीण नाही. लांबची मावसबहीण आहे. आपली भेट एकदाच झाली, आणि तुम्ही तेव्हा इतके लहान होतात की तुम्हाला आठवणं शक्यच नाही. म्हणून म्हटलं आपणच सांगावं. माणसाजवळ थोडं लहानपण असलेलं बरं, उपयोगी पडतं.

आमचं घर तळ्याकाठी होतं. माझ्या वडिलांची हिरवी होडी होती. तुमचे आईवडील तुम्हाला घेऊन उन्हाळ्यात राहायला आले. तुम्ही पाण्याला फार घाबरायचात, होडीजवळ यायला तयार नव्हतात. मी तुम्हाला म्हटलं, होडी आपल्याहून जास्त घाबरलीय, तिला कोणीतरी हात लावून धीर द्यायला हवा. तुम्ही आलात. होडीच्या लाकडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिलात आणि मग मला म्हणालात, "आता ती नाही घाबरत." आपण दोघं पार पलीकडच्या काठापर्यंत गेलो. येताना तुमचा एक बूट पाण्यात पडला, आणि तुम्ही दुसराही काढून टाकलात, पहिल्याला सोबत म्हणून. तुमची आई काठावर उभी राहून इतकी हसत होती की तिला बसावं लागलं. तुमची आई हसरी होती. खूप वर्षं जगली, अजूनही असेल कुठेतरी, मला नक्की पत्ता माहीत नाही.

अशा गोष्टी माझ्याकडे बऱ्याच आहेत. दर महिन्याला एक लिहीत जाईन. उत्तर पाठवायची सक्ती नाही, पण पाठवलंत तर आवडेल. मला 'अक्का' म्हणायचात तुम्ही, त्या उन्हाळ्यात.

तुमच्या त्या टेबलावर कोणी तुम्हाला विचारलं, तुमचं स्वतःचं काही आहे का, तर ही होडीची गोष्ट खुशाल सांगा. पाहिजे तितक्या वेळा सांगा, ती तुमच्याकडून कोणी नेणार नाही.

तुमची
अक्का